ग्रिशमची 'ब्लीचर्स' वाचतोय. अमेरिकन फुटबॉल कुणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

जॉन ग्रिशमची २००३ सालची 'ब्लीचर्स' ही कादंबरी हातात आहे. (ग्रिशम म्हणजे कायद्याच्या थरारकथा लिहिणारा, पण इथे कोर्टकचेरी शोधू नका, यात ती जवळपास नाहीच.) मेसिना नावाच्या गावात शाळेच्या फुटबॉल संघाला ३४ वर्षं घडवणारा कोच एडी रेक मरणाच्या दारात आहे आणि त्याची जुनी पोरं मैदानाच्या पायऱ्यांवर बसून आठवणी काढतायत. एकेकाळचा स्टार क्वार्टरबॅक (संघाच्या चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) नीली क्रेनशॉ १५ वर्षांनी गावात परततो. कोच रेकवर जीव लावावा की राग धरावा, हे त्याचं अजून ठरत नाही. हा भाग फार उत्तम उतरलाय.

अडतंय ते सामन्याच्या वर्णनांत. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं, इथवर कळतं. पण टचडाउनचे (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्याचे) ६ गुण मिळाल्यावर एका गुणाची किक मारायची की दोन गुणांसाठी खेळायचं, हे कोच कशावर ठरवतो?

आणि टेक्सासकडच्या मंडळींना खास विचारतो: शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या सामन्याला लोटतं, हे आजही तसंच आहे का? पोरांवर त्याचा ताण दिसतो का? तुमची मुलं तिथे शिकत असतील तर जरूर लिहा.