प्रोस्टेट ४८ ग्रॅम, पीएसए ५.२ आणि रात्रीची लघवी : नेमकी काळजी कशाची करावी?

प्रश्न : जागता पहारा

माझे वय ६४ वर्षे आहे. गेल्या सुमारे दोन वर्षांपासून लघवीची धार बारीक झाली आहे, सुरुवात होण्यासाठी बराच वेळ थांबावे लागते, उठलो की पुन्हा थोडी शिल्लक आहे असे वाटते आणि रात्री तीन ते चार वेळा झोप मोडते. जळजळ, ताप किंवा रक्त यांपैकी काहीही नाही. रक्तदाबासाठी पाच वर्षांपासून ॲम्लोडिपिन घेतो, मधुमेह नाही.

सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅम आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात ६० मिलिलिटर लघवी शिल्लक, असा अहवाल आला. रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटने तयार केलेले एक प्रथिन) ५.२ आहे आणि अहवालात ४ च्या वरचा आकडा म्हणून तो ठळक अक्षरांत छापला आहे. डॉक्टरांनी स्नायू सैल करणारे टॅम्सुलोसिन हे औषध सुरू केले आणि सहा आठवड्यांनी पीएसए पुन्हा करण्यास सांगितले. परंतु बाहेर रांग मोठी असल्याने मला अधिक काही विचारता आले नाही.

घरी आल्यापासून तो ठळक आकडाच डोळ्यांसमोर आहे. हा कर्करोग असू शकतो का? मेहुणे म्हणतात की ग्रंथी आणखी वाढण्याआधी, अंगात ताकद आहे तोवर शस्त्रक्रिया उरकून घ्यावी. एका मित्राने प्रोस्टेट आक्रसवणाऱ्या वनस्पतिजन्य कॅप्सूल आणून दिल्या आहेत. यांपैकी कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद : निवृत्त मूत्रशल्यचिकित्सक

आपल्याला न तपासता मी निदान करू शकत नाही. मात्र आपण दिलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यास मदत करू शकतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या अगदी खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ग्रंथी आहे. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. चाळिशीनंतर तिचा मूत्रमार्गालगतचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. ही वाढ इतकी सार्वत्रिक आहे की पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि ऐंशीच्या पुढे ती बहुतेकांमध्ये आढळते. कर्करोग मात्र बहुतांशी ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडील भागात सुरू होतो. म्हणूनच साधी वाढ लवकर त्रास देते, तर सुरुवातीचा कर्करोग बहुधा कोणताही त्रास देत नाही. साध्या वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथीत शेजारी शेजारी असू शकतात, एवढेच.

आता आपल्या मेहुण्यांच्या मुद्द्याकडे वळतो. ४८ ग्रॅम या आकड्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. माझ्याकडे १०० ग्रॅमची ग्रंथी घेऊन निवांत झोपणारे रुग्ण आले आहेत आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीमुळे लघवी पूर्ण तुंबलेलेही आले आहेत. ग्रंथी बाहेरच्या बाजूला किती फुगली यापेक्षा ती मूत्रमार्ग किती दाबते, मूत्राशयाच्या मुखाजवळील स्नायू किती आवळलेले आहेत आणि वर्षानुवर्षे जोर लावून मूत्राशयाची काय अवस्था झाली आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. यासाठी सात प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण असतात. एकूण ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र मानला जातो. आठवा प्रश्न असा असतो की उरलेले आयुष्य याच स्थितीत काढावे लागले तर आपल्याला कसे वाटेल. माझ्या मते सर्वांत उपयुक्त प्रश्न तोच, कारण उपचार आकड्यावर नव्हे तर माणसावर करायचा असतो.

शस्त्रक्रियेचा विचार लघवी वारंवार तुंबत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, संसर्ग किंवा रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, मूत्रपिंडांवर ताण आल्याचे दिसत असेल किंवा औषधे घेऊनही त्रास असह्य असेल तेव्हा करतात. ६० मिलिलिटर शिल्लक लघवी ही त्या वर्गात मोडत नाही.

पीएसए हे ग्रंथीने तयार केलेले प्रथिन आहे. ते कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे लक्षण आहे. ग्रंथी मोठी असेल तर पीएसए अधिक असणे स्वाभाविक आहे. संसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी, आदल्या एक-दोन दिवसांतील वीर्यस्खलन किंवा दीर्घ सायकलस्वारी यांमुळेही तो वाढतो. आपला ५.२ हा आकडा ४८ ने भागला तर सुमारे ०.११ येतो, हे गुणोत्तर ०.१५ च्या खाली असेल तर काळजी काहीशी कमी होते, मात्र पूर्ण संपत नाही. दुसऱ्या चाचणीतही आकडा चढा राहिला, किंवा बोटाने केलेल्या तपासणीत गाठ अथवा कडकपणा जाणवला, तर आधी एमआरआय आणि त्यात संशयास्पद भाग दिसल्यास बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणे), असा क्रम आता रूढ आहे. बायोप्सीत कर्करोग निघाला तरी कमी जोखमीच्या प्रकारात लगेच उपचार न करता नियमित देखरेख ठेवणे, हा सर्वमान्य पर्याय आहे.

एक विनंती. तीन दिवस एक मोजपात्र घेऊन प्रत्येक लघवीची वेळ आणि मात्रा लिहून ठेवा. रात्री उठणाऱ्या प्रत्येकाचा दोष प्रोस्टेटच्या माथी मारण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे.

प्रतिसाद : सत्तरीतला वाचक

मेहुण्यांच्या घाईत एक धडा माझ्याकडून घ्यावा. चार वर्षांपूर्वी माझीही स्थिती आपल्यासारखीच होती. धार बारीक होती, पण काम चालत होते. त्यातच सर्दी झाली आणि मी कोणालाही न विचारता सर्दीची गोळी दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री लघवीची तीव्र भावना होती, पण एक थेंबही उतरेना. ओटीपोट दगडासारखे झाले. पहाटे रुग्णालयात नळी घातली तेव्हा ९०० मिलिलिटर लघवी निघाली. ती वेदना आणि नळी जाताच मिळालेला तो आराम, दोन्ही मी विसरू शकत नाही.

नंतर समजले की नाक मोकळे करणारा घटक मूत्राशयाच्या मुखाजवळील स्नायू आवळतो, तर ॲलर्जीवरील झोप आणणारी जुनी औषधे मूत्राशयाच्या आकुंचनाचा जोर कमी करतात. माझ्या गोळीत दोन्ही होते. बद्धकोष्ठता, मद्य, दीर्घकाळ लघवी रोखून धरणे आणि भूल दिलेली कोणतीही शस्त्रक्रिया यांमुळेही असे घडू शकते. म्हणून औषध विकत घेताना प्रोस्टेटचा त्रास असल्याचे आवर्जून सांगावे.

माझ्या बाबतीत नळी काढून पाहिली, परंतु लघवी झाली नाही. शेवटी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढला. धार पूर्ववत झाली, अधूनमधून लघवीतून रक्त येणे काही आठवडे चालले आणि मग थांबले. मात्र वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते, हे मला शस्त्रक्रियेआधी कोणीही सांगितले नव्हते. या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या बाबतीत तसे होते. त्यापासून अपाय नाही, लैंगिक सुखाची जाणीवही राहते. पण ही गोष्ट आधी कळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

जागता पहारा

तीन दिवसांची नोंद केली. दिवसरात्रीची मिळून सरासरी १,९०० मिलिलिटर लघवी होते आणि त्यांतील ८५० मिलिलिटर झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत, पहाटेची पहिली लघवी धरून. प्रत्येक वेळची मात्रा २०० च्या आसपास आहे. हे लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली की संध्याकाळी माझ्या घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटतात. याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद : निवृत्त मूत्रशल्यचिकित्सक

संबंध बहुधा आहे, आणि म्हणूनच मी नोंद करण्यास सांगितले होते. उतारवयात एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक लघवी रात्री होत असेल तर मूळ अडचण केवळ अडथळ्याची नसते, तर रात्री लघवी जास्त तयार होण्याची असते. आपले प्रमाण सुमारे ४५ टक्के येते. शिवाय प्रोस्टेट किंवा चिडखोर मूत्राशय हेच एकमेव कारण असते तर प्रत्येक वेळी लघवी थोडी थोडी झाली असती. २०० मिलिलिटर ही मात्रा तशी थोडी नव्हे.

दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांना सूज येणे सर्वज्ञात आहे. तरीही सूज दिसली की तिचा दोष थेट गोळीवर ढकलू नये. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी आधी व्हावी. घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर त्यामुळेही रात्रीची लघवी वाढते; तेव्हा आपण घोरता का आणि मध्येच श्वास थांबतो का, हे घरच्यांना विचारून पाहावे. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. ही नोंदींची वही घेऊन ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. तोवर दुपारनंतर तासभर पाय उंच ठेवून पडणे आणि झोपण्याआधी दोन-तीन तास द्रवपदार्थ मर्यादित ठेवणे एवढे करता येईल. दिवसाचे पाणी मात्र तोडू नका. दाट लघवी मूत्राशयाला अधिक चिडवते.

धार आणि थांबावे लागणे, हा दुसरा प्रश्न तसाच उरतो. त्यासाठी टॅम्सुलोसिन योग्य आहे. एकाच माणसाला दोन कारणे असू शकतात.

प्रतिसाद : औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी

कॅप्सूलविषयी सांगतो. या प्रकारच्या उत्पादनांत सर्वाधिक वापरला जाणारा सॉ पाल्मेटो हा पाम वृक्षाच्या फळाचा अर्क मोठ्या, काटेकोर चाचण्यांत तपासला गेला आहे. २००६ आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तो निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरला नाही, दुसऱ्या चाचणीत नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही नाही. पूरक गोळ्यांनी निदान अपाय तरी होत नाही, हाही भ्रम आहे. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व प्रोस्टेटच्या कर्करोगापासून वाचवतील या आशेने ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर एक चाचणी झाली. २०११ च्या निष्कर्षांत नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. ग्रंथी आक्रसवणारा आहार मला तरी ठाऊक नाही. वजन आटोक्यात ठेवणे, नियमित चालणे आणि बद्धकोष्ठता टाळणे यांचा लघवीच्या त्रासावर अनुकूल परिणाम होतो, पण त्याला बाटलीत भरून विकता येत नाही.

टॅम्सुलोसिन ग्रंथी लहान करत नाही. ते स्नायू सैल करते, म्हणून गुण काही दिवसांत दिसतो. सुरुवातीला एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. रात्री उठताना क्षणभर पलंगाच्या कडेला बसावे. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर या गोळीविषयी नेत्रशल्यचिकित्सकांना अवश्य सांगावे, अगदी ती पूर्वी घेऊन बंद केली असली तरीही, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतालचा पडदा सैल पडतो. ग्रंथीचा आकार खरोखर कमी करणारी फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे वेगळी आहेत. त्यांचा गुण दिसण्यास सुमारे सहा महिने लागतात, कामेच्छा कमी होऊ शकते आणि पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. ती चालू असताना २.५ असा आलेला आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे; तो साधारण ५ समजून वाचावा लागतो.

प्रतिसाद : पस्तिशीचा सदस्य

विषयाला थोडा फाटा फोडतो. मला ओटीपोटात आणि वृषणांच्या मागे आठ महिन्यांपासून दुखते, लघवीच्या तपासण्या स्वच्छ आहेत आणि प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. माझ्या वयातही हे प्रोस्टेटचेच असू शकते का?

प्रतिसाद : निवृत्त मूत्रशल्यचिकित्सक

असू शकते. पन्नाशीच्या आत प्रोस्टेटचा सर्वाधिक आढळणारा त्रास वाढीचा नसून दाहाचा असतो. थंडी वाजून ताप, जळजळ आणि लघवी अडकणे हा तीव्र जिवाणूजन्य प्रकार असून त्यात त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. परंतु आपण वर्णन करता तो दीर्घकालीन ओटीपोटदुखीचा प्रकार त्याहून कितीतरी अधिक आढळतो आणि त्यात बहुधा जिवाणू सापडत नाहीत. तपासणीत जंतू नसताना चौथा कोर्स घेण्याऐवजी श्रोणितळाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या, स्नायूंचा ताण ओळखणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. हे स्नायू सतत आवळलेले असतील तर ते सैल सोडण्यास शिकावे लागते. तिथे आकुंचनाचे व्यायाम उलट त्रास वाढवू शकतात.

जागता पहारा

सात आठवड्यांनी लिहीत आहे. पीएसए ४.१ आला, बोटाने केलेली तपासणी व्यवस्थित आहे. एमआरआयची आत्ता गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले. हृदय आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या ठीक निघाल्यानंतर रक्तदाबाची गोळी बदलण्यात आली; घोट्यांची सूज उतरली आणि आता रात्री एकदा, क्वचित दोनदा उठतो. धार तारुण्यातली नाही, पण थांबावे लागत नाही. कॅप्सूल मित्राला परत केल्या. त्याने त्या स्वतः घ्यायला सुरुवात केली आहे. शस्त्रक्रिया का केली नाही, हे मेहुण्यांना मात्र अजूनही पटलेले नाही.