सिंगापूरहून मुंबईत उतरून त्याच रात्रीची कोकणकन्या मिळेल का?

सिंगापूर ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर असून तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे तेथून दुपारी साडेचारला सुटणारे थेट विमान साडेपाच तासांत, म्हणजे आपल्या साडेसातच्या सुमारास उतरेल, असा माझा हिशेब आहे. परतीच्या दिशेला समोरून पश्चिमी वारे असल्यास थोडा उशीर होऊ शकतो, हेही धरले आहे. गोव्यातील मोपा विमानतळापर्यंत सोयीचे विमान मिळाले नाही. कणकवलीला जायचे असून सोबत सत्तरी ओलांडलेली आई व चार बॅगा आहेत, म्हणून लोकलचा पर्याय (कृपया) सुचवू नये. इमिग्रेशन, सामान आणि टॅक्सी धरून, रात्री अकरानंतर दादरला येणारी कोकणकन्या निर्धास्तपणे मिळेल, की पहाटेच्या जनशताब्दीचेच आरक्षण करावे?