पहिल्या शिडाच्या बोटीवर नक्की काय काय लागतं?

शिकाऊ_शिडवाला:
मंडळी, गेल्या सीझनला मुंबईत सेलिंगचा बेसिक कोर्स केला आणि आता तिघा मित्रांनी मिळून २२ फुटी सेकंडहँड बोट घेतलीय, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन आहे. पावसाळा संपला की शनिवार-रविवार हार्बरमध्ये फिरायचं, जमलं तर पलीकडे अलिबागच्या मांडव्यापर्यंत, रात्रीचं अजिबात नाही. बजेट तिघांत मिळून ६० हजार. व्हिडिओ बघून बघून यादी वाढतच चाललीय, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारी स्क्रीन), वारा मोजायचं इन्स्ट्रुमेंट, सॅटेलाइट मेसेंजर, अ‍ॅक्शन कॅमेरा, सेलिंगचे बूट... बोटीबरोबर चार नारिंगी फोमची लाइफ जॅकेटं आलीयत, तेवढी बास असं एक मित्र म्हणतो. यातलं खरंच काय घेऊ?

कुलाबा_मूरिंग:
सॅटेलाइट मेसेंजर आधी काढ यादीतून. आपल्याकडे परवानगीशिवाय असली उपकरणं बाळगणं बेकायदेशीर आहे, परदेशी लोक विमानतळावर पकडले गेलेत यापायी. त्यापेक्षा ५ वॉटचा, पाण्यावर तरंगणारा हँडहेल्ड व्हीएचएफ रेडिओ घे, लायसन्सचं विचारून घे, आणि तो बॅगेत नको, अंगावर हवा. चॅनल १६ (संकटात हाक मारायचा) आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर तिघांनाही पाठ पाहिजे.

आता जॅकेटं. आमचीही तशीच होती. ती घालून जिबचा (पुढच्या शिडाचा) दोर ओढताना हात अडकायचे, म्हणून सगळ्यांनी काढून केबिनमध्ये टाकलेली. जाइब करताना (मागून वारा घेत बोट वळवताना) बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, लागून मित्र पाण्यात पडला. ओहोटी जोरात होती, बोट वळवून त्याच्यापर्यंत यायला सहा-सात मिनिटं लागली आणि मधेच त्याचं डोकं लाटेआड दिसेनासं व्हायचं, ते मी अजून विसरलो नाही. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही १५० न्यूटन उचल देणारी फुगणारी जॅकेटं घेतली, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट, कारण तो पट्टा नसला की जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. दर सीझनला जॅकेट फुगवणारं गॅसचं नळकांडं काढून किचनच्या काट्यावर वजन करतो, नळकांड्यावर कोरलेल्यापेक्षा कमी भरलं की बदलायचं. आपल्या हवेत गंजही लवकर धरतो. निम्मं बजेट इथेच जाऊ दे.

अलिबागची_लेक:
दादा, माझे बाबा नाखवा आहेत, त्यांचं ऐकून सांगते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे सहाच्या सुमारास भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाजापुरतं हे पुरतं, निघताना मात्र भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच. उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं आणि तेवढंच झपाट्याने उतरतं.

दुसरं म्हणजे नांगर. वारा पडला, इंजिन सुरू होईना आणि ओहोटी बाहेर ओढतेय, अशा वेळी चांगला नांगर, पुढे थोडी साखळी आणि भरपूर दोर एवढंच कामाला येतं. जुन्या बोटीबरोबर येतो तो बऱ्याचदा बोटीच्या मानाने हलका असतो, बघून घ्या. आणि दाते असलेला सुरा, दोरीने बांधलेला. जाळ्याचा दोर इंजिनच्या पंख्यात गुंडाळला की साधी सुरी चालत नाही. जाळ्यांच्या खुणा म्हणजे कधी थर्माकोलचा तुकडा, कधी रिकामा कॅन, उन्हात पाणी चमकत असलं की जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे, तेव्हा आधी इंजिन बंद करून दोर सोडवून बघा, कापायचं अगदीच शेवटी.

पुणेकर_दर्यावर:
वरचं सगळं मान्य, फक्त एआयएस रिसीव्हर (आजूबाजूच्या जहाजांची जागा दाखवणारा) यादीत धरा. न्हावा-शेवा बंदराची कंटेनर जहाजं चॅनेलमधून येतात तेव्हा ती तुमच्यासाठी वळू शकत नाहीत, आणि हिवाळ्यात सकाळी धुरकं असतं. पण तो पुढच्या वर्षी, कारण लहान मासेमारी बोटी त्यावर सगळ्या दिसत नाहीत आणि स्क्रीनकडे बघायची सवय आधी लागली तर पाण्याकडे बघायची लागत नाही. चार्टप्लॉटरचं काम फोनवरच्या चार्टने होईल, वॉटरप्रूफ पाऊच आणि पॉवरबँक ठेवा. आपल्या नौदलातल्या अभिलाष टॉमींची २०१८ ची गोल्डन ग्लोब रेस, एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेची, आठवा, तिथे आधुनिक नेव्हिगेशनला बंदीच होती. दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडली, पाठ जबर दुखावली, तेव्हा त्यांना आपली हाक बाहेर पोचवता आली म्हणून फ्रेंच जहाज पोचू शकलं.

शिकाऊ_शिडवाला:
मनापासून आभार. आज मूरिंगवर जाऊन नांगर बघितला, चार किलोचा निघाला आणि साखळीच नाही. तीन फुगणारी जॅकेटं, व्हीएचएफ, सुरा, नांगर एवढं ठरलं, कॅमेरा आणि बूट रद्द. ताई, आमच्या २२ फुटीला साखळी साधारण किती मीटर घेऊ, बाबांना विचारून सांगाल का?