ऑनलाइन समुपदेशन : प्रत्यक्ष काम कसे चालते?

ऑनलाइन समुपदेशन घेतलेल्यांनी आपला अनुभव इथे सविस्तर लिहावा, ही विनंती. ‘बरे वाटले’ किंवा ‘उपयोग झाला नाही’ एवढ्यावर न थांबता सत्रात काय घडत होते, समुपदेशकांनी काय विचारले आणि दोन सत्रांच्या मधल्या काळात आपल्याला काय करावे लागले, हे लिहिले तर सुरुवात करू पाहणाऱ्यांना खरा आधार मिळेल. नाव लिहिण्याची गरज नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. मला तीव्र चिंतेचा त्रास होता. माझी हकिकत ऐकण्याआधी समुपदेशक बाईंनी गोपनीयतेची मर्यादा स्पष्ट केली : बोलणे आमच्या दोघींतच राहील, मात्र माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर त्यांना मदत बोलवावी लागेल. म्हणूनच त्यांनी जवळच्या एका व्यक्तीचा नंबर घेऊन ठेवला होता आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी मी कुठे बसले आहे, हे त्या विचारीत. पडद्यावर त्यांना माझा चेहरा आणि खांदे एवढेच दिसत, त्यामुळे “आत्ता हात काय करत आहेत? श्वास कसा चालला आहे?” असे त्या मधेच थांबवून विचारीत. ते सांगता सांगता चिंता चढू लागल्याची पहिली खूण मला स्वतःलाच ओळखता येऊ लागली. पडद्याची उणीव अशी कामाला लावणे हे कसबी समुपदेशकाचे लक्षण आहे, असे मी मानते. यापुढचे अनुभव इतरांनी लिहिलेले आहेत.

*

मला ओसीडी आहे, म्हणजे नकोसे विचार मनात येत राहणे आणि त्यामुळे त्याच त्या कृती पुन्हापुन्हा कराव्याशा वाटणे, असा आजार. हात पुन्हापुन्हा धुणे आणि गॅस बंद आहे की नाही हे तपासत राहणे, ही त्याची माझ्याकडची रूपे. माझ्या समुपदेशकांचे या आजारावरच्या उपचारांचे विशेष प्रशिक्षण झालेले आहे. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि त्यानंतरची धुण्याची वा तपासण्याची नेहमीची कृती करायची नाही, ही त्यांची पद्धत. सर्वांत सोप्यापासून सर्वांत अवघड प्रसंगापर्यंतची यादी आम्ही मिळून केली आणि प्रत्येकाला ० ते १०० असा त्रासाचा आकडा दिला. या आजारासाठी ऑनलाइन सत्राचा मोठा फायदा असा, की माझी भीती माझ्याच घरात होती. फोन ओट्याजवळ उभा करून मी शेगडी एकदाच बंद करीत असे आणि मग मागे वळून न पाहता खोलीबाहेर येऊन बसत असे. सर शांतपणे फक्त आकडा विचारीत. “काही होणार नाही” असा धीर ते देत नसत, आणि त्याचे कारण त्यांनी आधीच समजावले होते : तो धीर म्हणजेही तपासणीच, कारण त्याने क्षणभर सुटका होते आणि शंका अधिक पक्की होते. घरी आईला मी “गॅस बंद आहे ना?” असे सतत विचारीत असे, म्हणून माझ्या संमतीने त्यांनी तिला एका सत्रात बोलावले. “हा प्रश्न आजार विचारतो आहे, मी तुझ्याजवळ बसते,” एवढेच उत्तर द्यायचे, असे आम्ही तिघांनी ठरवले. हे पाळणे आईला माझ्याइतकेच जड गेले, आणि तिने ते पाळले याची मला मनापासून कृतज्ञता वाटते.

*

नैराश्यात मला कॅमेऱ्यासमोर बसणेही जमत नसे, तेव्हा सुरुवातीची सत्रे केवळ आवाजावर झाली. समुपदेशक अधूनमधून पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरून घेत. गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न, गुण ० ते २७. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावरचे माझे उत्तर बदललेले दिसताच त्यांनी थेट विचारले, आणि असे कुणीतरी न घाबरता विचारावे याची मी वाट पाहत होतो, हे मला तेव्हा कळले. त्या दिवशी त्यांनी घरच्या माणसाला सोबत बसवले आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवले. औषधे देणे समुपदेशकाच्या अधिकारात नसते, आणि तातडीच्या प्रसंगी एकटा व्हिडिओ कॉल पुरेसा नसतो. पुढे औषधे आणि समुपदेशन दोन्ही बरोबर चालले.

*

आमच्या घरी दार लावून बोलण्याची सोय नव्हती. मी उभ्या गाडीत बसून सत्र घेत असे. कुणी जवळ आले तर विषय बदलण्यासाठी आम्ही एक साधे वाक्य ठरवून ठेवले होते. हेडफोन असले तरी आपले बोलणे बाहेर ऐकू जातेच, हे ध्यानात ठेवावे.

*

समुपदेशकाशी न जुळणे याबद्दलही लिहायला हवे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याची तीन अंगे मांडली : ध्येयाबद्दल एकमत, त्यासाठी करायच्या कामाबद्दल एकमत आणि परस्परांतील विश्वास. माझ्या पहिल्या समुपदेशकांवर माझा विश्वास होता, पण मला वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलायचे होते आणि त्या दर सत्रात झोपेच्या वेळापत्रकाकडे वळत. मी हे त्यांना सांगितले. त्यांनी त्याचा राग न मानता, शोकावर अधिक काम केलेल्या सहकाऱ्याचे नाव सुचवले आणि माझ्या लेखी परवानगीने त्यांना माझी माहिती दिली. नव्या समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत विचारले, “वडिलांबद्दल कुठून सांगायला आवडेल?” ते संपूर्ण सत्र मी त्यांच्याबद्दलच बोलले.