क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगीन घराणं चालवायचा संगणक गेम) : मुलगे किती हवेत? जमिनीची वाटणी आणि रोगाची साथ दोन्ही सांभाळायच्या आहेत

टिळकवाडी_१०६६
१०६६ ची सुरुवात. चालुक्यांच्या हाताखालचा ड्यूक (मोठा सरदार), जमीन आपल्या बेळगाव-सौंदत्ती पट्ट्यात, चार काउंट्या (परगणे). वय ४१, मुलगे तीन : ११, ८ आणि २ वर्षांचे. वारसा कायदा कॉन्फेडरेट पार्टिशन (मुलांत वाटणी), ‘लेजंड्स ऑफ द डेड’ (साथीचे रोग आणणारी गेमची जोड) चालू. एकाच मुलावर भिस्त ठेवली तर एका साथीत वंश खलास, तिघे जगले तर जमिनीचे तुकडे. काय करावं?

खानापूर_घाट
तीन बरोबर आहेत की. चौथा नको. आता ब्रह्मचर्याचा डिसिजन घे, नंतर मोडता येतो. बायको वारली तर ४५ च्या पुढची, स्टुअर्डशिप (कारभार) चांगली असलेली बघ. मूल होत नाही आणि सोयरीकही मिळते.

खरा घात मुलांच्या संख्येपेक्षा कायद्यात आहे. कॉन्फेडरेट पार्टिशन तुझ्या दर्जाची नवी पदवी आपणहून तयार करून धाकट्याला देतं. म्हणजे दुसऱ्या डचीच्या (ड्यूकच्या प्रांताच्या) निम्म्याहून जास्त काउंट्या तुझ्याकडे असल्या, की मधला मुलगा ड्यूक होऊन थेट चालुक्यांच्या हाताखाली जातो, थोरल्याच्या हातातून सुटला. नुसती काउंटी मिळाली तर तो भावाखालीच राहतो. म्हणून दुसरी डची अर्धवटच ठेव. हेरेडिटरी रूल हे इनोव्हेशन (संस्कृतीला मिळणारी सुधारणा) आलं की साधं पार्टिशन लागू कर, ही आपोआप पदवी बनणं तिथेच थांबतं. हेराल्ड्री या पुढच्या इनोव्हेशननंतर हाय पार्टिशन, त्यात थोरल्याला किमान निम्मं. थोरल्यालाच सगळं देणारा कायदा १२०० नंतरच्या युगातला, त्याची वाट बघत बसू नको.

निपाणी_तंबाखू_कट्टा
वरच्यात भर. मधला सोळाचा झाला की बाहेरची, राजधानीपासून लांबची काउंटी तुझ्या हाताने दे. मरेपर्यंत थांबलास तर गेम निवडतं आणि नेमकी तुझी बांधकामं झालेली काउंटी जाते. दिल्यावर सक्सेशन टॅब परत उघडून बघ, हिशोब बसेना तर आणखी एखादी दे. दुर्दैवाने थोरला गेला तर मधला स्वतःच्या जमिनीसह गादीवर येतो, काही वाया जात नाही.

डिसइनहेरिट करायचा (मुलाचा वारसा काढून घ्यायचा) मोह टाळ. रिनाऊन (घराण्याची कीर्ती) जातो, आणि उरलेला एकटा देवीने गेला तर संपलं.

टिळकवाडी_१०६६
आणि साथीचं? तिघे एकाच दरबारात आहेत.

शहापूर_विणकर
तीच चूक. सहा ते सोळा शिक्षणाचं वय. मधल्याला दुसऱ्या दरबारातल्या गार्डियनकडे (शिकवणाऱ्या पालकाकडे) पाठव, मूल तिकडेच राहायला जातं. एका गावात साथ आली तर दोघे एकदम जात नाहीत. गार्डियन आपल्याच धर्माचा आणि संस्कृतीचा बघ, नाहीतर पोरगा परका होऊन येतो. एका गार्डियनकडे दोनच मुलं मावतात.

राजधानीत हॉस्पिस बांध, राजवैद्य लर्निंग (विद्या) बघून नेम, मैत्री बघून नको. नकाशावर साथ दोन काउंट्या लांब असतानाच दरबार बंद कर. घरात आजार शिरल्यावर उपयोग फार कमी.

सून निवडताना फेकंड (जास्त मुलं होणारी), हेल, रोबस्ट (दोन्ही धडधाकट) हे गुण बघ. आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल आहे, पण गेममध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या केलंस तर इनब्रेड (जवळच्या नात्यातल्या लग्नाचं) मूल होण्याची शक्यता वाढत जाते आणि अशा मुलाची तब्येत फार खालावते. एकदा ठीक, दुसऱ्या पिढीत बाहेरची सून आण.

कित्तूर_रस्ता
वारसाची दुसरी फळी का हवी ते आपल्याच जिल्ह्यात दिसतं. कित्तूरचे राजे मल्लसर्ज १८१६ मध्ये गेले, त्यांचा मुलगा १८२४ मध्ये. राणी चन्नम्मांनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, कंपनीने ते मानलं नाही आणि त्याच वर्षी लढाई झाली. इंग्लंडच्या राणी ॲनला १७ वेळा दिवस गेले तरी एकही मूल मोठं झालं नाही. तिचा अकरा वर्षांचा राजपुत्र १७०० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी गादी दुसऱ्या घराण्याकडे न्यायचा कायदा करावा लागला. गेममध्ये मुलं यापेक्षा कितीतरी कमी मरतात, म्हणून तीन पुरतात. साथीचं प्रमाण गेम रूल्समध्ये वाढवलं असशील तर मात्र चार धर.

टिळकवाडी_१०६६
वाढवलेलं नाही. म्हणजे तीनच, आणि मधल्याला आजच दुसऱ्या दरबारात पाठवतो.

खानापूर_घाट
पाठव. आणि तुझ्या सरदाराला लर्निंगच्या वाटेने ‘नो दायसेल्फ’ हे कौशल्य घे. नैसर्गिक मरणाची साधारण वर्षभर आधी सूचना मिळते, तेवढ्यात काउंट्या वाटून होतात.