सदस्य आम्ही पाच, डोंगल एकाकडे. मोरीचं काम कसं पुढे न्यायचं?

वॉर्ड_तीनची_सदस्या:
आमची नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. पाच आमच्या पॅनेलचे, सरपंच मात्र थेट निवडून आलेले, दुसऱ्या पॅनेलचे. वॉर्डातून शाळेकडे जाताना ओढ्यावरची मोरी खचलीय. पावसाळ्यात पोरं बूट हातात घेऊन, दप्तर डोक्यावर धरून उतरतात. मासिक सभेत ठराव बहुमताने घेतला, तरी काम नाही. विचारलं की ग्रामसेवक म्हणतात, "पैसे आहेत, पण बंधित आहेत." पैसे आहेत आणि नाहीत, हे बायकांना हापशावर कसं सांगू? शिवाय पेमेंटला सरपंचांच्या डिजिटल सहीचं डोंगल लागतं आणि ते म्हणतात गावाच्या विकास आराखड्यात काम नाही. अविश्वास आणता येईल का? आणि बंधित निधीतून मोरी होतच नाही का?

निवृत्त_ग्रामसेवक:
ताई, अविश्वासाचं आधी डोक्यातून काढा. सदस्यांतून सरपंच असता तर गोष्ट वेगळी होती. 2017 ला कायदा बदलून थेट सरपंच आणला, 2020 ला काढला, 2022 ला परत आणला. आम्हाला दर वेळी नवी नियमावली वाचायला लागली, ते असो. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही. नंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. पाचांत ते बसत नाही.

आता मोरी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 ते 2025-26 साठी 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले 40 टक्के अबंधित, त्यातून मोरी चालते. पगार मात्र त्यातून चालत नाही. कोणी सल्ला देईल की मोरी "सांडपाण्याचं गटार" म्हणून दाखवा. मुळीच नको. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावे निघते. मी एकाला वसुली फेडताना पाहिलंय, पेन्शन लागली तरी ती चालूच होती.

सरपंचांचं आराखड्याचं म्हणणं मात्र खरं आहे. काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात घालून घ्या, मग ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढेल. मासिक सभेच्या ठरावाने ते होत नाही. ग्रामसभेला पोरांच्या आया घेऊन या.

नगरपालिकेतला:
आमच्याकडेही थेट नगराध्यक्षावरून हाच खेळ. मुंबईत खेळ बदलतो, वाद गावात होतो. पण स्वनिधी, म्हणजे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, बघितलंत का? तो तुमचा हक्काचा पैसा.

निवृत्त_ग्रामसेवक:
बरोबर. पण त्यातलेही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 महिला-बालकल्याण, 5 दिव्यांग असे आधीच बाजूला. उरतं ते घरपट्टी वसूल झाली तर. 2015 च्या अखेरीस नियम बदलून घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते, पण निवडणूक जवळ आली की कोणी करत नाही. नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, काढून बघा, जुने आकडे तसेच असतील.

वॉर्ड_तीनची_सदस्या:
काका, काल ग्रामसेवकांकडून थकबाकीची यादी लेखी घेतली. मोरीचा अंदाजखर्च मिळाला नाही, पण थकबाकी सगळी आली तर काम स्वनिधीतूनच सुरू होईल असं ते म्हणाले. पहिल्याच पानावर मोठी रक्कम थकवणारे दोघे आमच्याच पॅनेलचे निघाले. एकाच्या घरी मी प्रचाराचा चहा प्यायले होते. रविवारी परत जाते, चहा नको म्हणून सांगणार आहे.