रोजच्या कामाला आणि थोड्या गेमिंगला मॅकबुक घ्यावं का?

चेंबूरकर:
जुना लॅपटॉप दमलाय. एक लाखाच्या आत नवा घ्यायचा आहे. काम म्हणजे वर्ड, एक्सेल, ऑनलाइन मीटिंग, फोटो, मुलीचा अभ्यास. रात्री जेवण झालं की तासभर सिव्हिलायझेशन ६ नाहीतर स्टारड्यू व्हॅली हे गेम, आणि शनिवारी कॉलेजच्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट. बीकेसीच्या अ‍ॅपल स्टोअरमध्ये एम४ चिपचं मॅकबुक एअर हाताळून आलो आणि मन तिथेच अडकलं. मार्च २०२५ मध्ये ते ९९,९०० रुपयांना आलं होतं. घरचे म्हणतात, तेवढ्यात चांगला गेमिंग लॅपटॉप येईल.

ग्रँटरोडवाला:
घरच्यांचं ऐका. व्हॅलोरंट मॅकवर चालतच नाही. त्यातली चीटिंग पकडणारी यंत्रणा, व्हॅनगार्ड, विंडोजपुरतीच आहे. इंटेल चिपच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्प या अ‍ॅपलच्याच सोयीने विंडोज टाकता यायचं. २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःची चिप आणली आणि ती वाट बंद झाली. काउंटर-स्ट्राइक २ पण मॅकवर नाही. रॅम वाढवायची सोय नाही, जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. विंडोजच्या बऱ्याच मॉडेलांत लॅमिंग्टन रोडला नेऊन रॅम, एसएसडी समोर उभं राहून बदलून घेता येतात. लाख रुपये मोजून ही मोकळीक का सोडायची?

विरार फास्ट:
अजिबात पटलं नाही. व्हॅलोरंट आठवड्यातून एकदा, बाकी दिवस काय चालणार आहे ते बघा. गेमिंग लॅपटॉप दोन-सव्वादोन किलोचा, वर विटेएवढा चार्जर. तो पाठीवर घेऊन गर्दीच्या वेळी दादरला चढून दाखवा. एअर १.२४ किलो, आणि ऑफिसचा दिवस चार्जर घरी ठेवून निघतो. पंखा नसल्याने आवाजही नाही, मूल शेजारी झोपलेलं असलं तरी खुशाल खेळा. सिव्ह ६ आणि स्टारड्यू दोन्ही मॅकवर आहेत. बाल्डर्स गेट ३ आहे, जुलै २०२५ पासून सायबरपंक २०७७ सुद्धा. टिकण्याचं म्हणाल तर २०२० च्या एम१ एअरवर २०२५ ची मॅकओएस टाहो ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते.

ग्रँटरोडवाला:
पंखा नाही ही सोय फक्त हलक्या खेळात. सायबरपंकसारखा गेम मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत तासभर चालवा, चिप तापली की वेग उतरतो. आणि २५६ जीबीच्या स्टोरेजमध्ये एकटं बाल्डर्स गेटच दीडशे मागतं. ५१२ चं मॉडेल १,१९,९०० ला आलं होतं, म्हणजे बजेट गेलं.

मुलुंडचा हिशेबनीस:
घरात कोणी टॅली वापरतं का? ते विंडोजचं आहे. एक्सेलमधलं पॉवर पिव्होट, म्हणजे मोठा डेटा जोडून तपासायची सोय, तीही मॅकवर मिळत नाही. आधी ऑफिसच्या फाइल्स तपासा, गेमचं नंतर.

चेंबूरकर:
टॅली नाही, एक्सेल साधंच. पण शनिवारचा खेळ सोडायचा नाही. त्यातले दोघे आता पुण्यात आणि बंगळूरला आहेत, आमच्या गप्पा तेवढ्याच होतात.

विरार फास्ट:
मग जुना लॅपटॉप विकू नका. व्हॅलोरंटला भारी ग्राफिक्स लागत नाही. बॅटरी गेली असेल तर प्लगला लावून शनिवारपुरता वापरा.

ग्रँटरोडवाला:
वन बीएचकेत दोन-दोन मशिनं? आणि जुन्यावर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. माझं मत तेच: रॅम वाढवता येईल असा विंडोज लॅपटॉप, सगळे गेम एकाच ठिकाणी.

विरार फास्ट:
विंडोज १० असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार नकोत, एवढं मान्य. पण स्टोरेजसाठी वीस हजार घालायची गरज नाही. बाहेरची एसएसडी लावून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम तिच्यावर ठेवता येतात. चेंबूरकर, जुन्यावर व्हॅलोरंट सध्या नीट चालतंय का, तेवढं आधी सांगा.

चेंबूरकर:
चालतंय. विंडोज ११ आहे. फक्त चार्जर काढला की बंद पडतो.

विरार फास्ट:
मग एअर घ्या.